तरोट्याचं बी

पोळा जवळ आला की आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या सिंदीत रुळांच्या कडेनं, पडीक वावरांत, धुऱ्यांवर तरोटा कमरेला लागतो. पहिल्या पावसात उगवतो तेव्हा आयाबाया त्याचे कोवळे शेंडे खुडून भाजी करतात, लसणाच्या फोडणीची, भाकरीसोबत खायला. त्यानंतर त्याच्याकडे कुणी बघत नाही. गुरंही तोंड लावत नाहीत. पान चुरगळलं तर उग्र वास हाताला राहतो. देठावर पानांच्या तीन जोड्या, दिवेलागणीला त्या मिटतात. खालच्या जोड्यांच्या बेचक्यात बारीक गाठी. मग पिवळी फुलं, मग वीतभर लांब, वाकलेल्या शेंगा. वाळलेली शेंग नखानं उकलली की आत एका रांगेत बिया: तपकिरी, चकचकीत, दोन्ही टोकांना तिरप्या छाटलेल्या. दाताखाली फुटत नाहीत इतक्या टणक.

ह्या बिया आंबट ताकात नाहीतर लिंबाच्या रसात वाटून गजकर्णावर लावायच्या, हे मला आजीनं सांगितलं. आयुर्वेदाच्या ग्रंथांत हीच वनस्पती चक्रमर्द म्हणून येते आणि तिचं काम तेच सांगितलेलं आहे. कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात तिला टाकळा म्हणतात.

मी आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं. बुरशीचे तंतू फळ्यावर काढले, पोरांकडून शिळ्या भाकरीवरची बुरशी सूक्ष्मदर्शकाखाली बघवून घेतली. पण गजकर्ण अलीकडे जसं घराघरांत शिरलं आहे, तसं माझ्या लहानपणी नव्हतं. तेव्हा एखाद्या मुलाच्या मानेवर एखादं कडं दिसायचं. आता कापूस वेचणाऱ्या बायका, दिवसभर जाड पँट घालून हिंडणारी पोरं, नुकती लग्न होऊन आलेली सून, कुणीच सुटत नाही.

शेजारच्या वहिनी एकदा वेचणीवरून आल्या आणि ओट्यावर टेकल्या. इकडंतिकडं बघून लुगड्याची गाठ थोडी खाली सरकवली. कमरेभोवती लाल कडं, त्याच्या काठावर बारीक पुरळ, आतला भाग काळवंडलेला आणि त्या काळ्या भागात पुन्हा एक नवं कडं. सुनेला तेच, नातवाच्या जांघेत तेच.

“ट्यूब लावली का दोन दिस बरं वाट्टे, बाई. मंग पुन्हा येते, पहिल्याहून मोठं.”

रिकामी झालेली ट्यूब मी चष्मा लावून वाचली. एका मलमात तीन औषधं: एक बुरशीवरचं, एक जिवाणूंवरचं आणि तिसरं क्लोबेटासॉल. क्लोबेटासॉल हे त्वचेवर लावायच्या स्टेरॉइडांतलं सर्वांत जहाल. ते दाह दाबतं, खाज थांबते, लाली उतरते. बाईला वाटतं गुण आला. पण दाह हीच तर शरीराची लढाई असते. ती थांबली की बुरशी निवांत पसरते, कड्याचा आकार पुसट होतो, डॉक्टरलाही ओळखू येईनासा होतो. कातडी पातळ पडते, मांडीवर काखेत चिरे उमटतात. आणि सोबतचं बुरशीचं औषध अर्धवट मात्रेत, मधूनमधून मिळत राहिल्यानं त्याला पुरून उरणारी बुरशीच तेवढी मागे राहते. २०१८ साली केंद्र सरकारनं अशी अनेक स्टेरॉइड मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकायच्या यादीत घातली. तरी वहिनींच्या हातात ती चिठ्ठीशिवायच पडली होती, आणि ह्याचा मला मनापासून राग येतो.

“मंग तरोटा लावू का?” त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, “आत्ता नको.”

“मंग आमच्या बुढ्या का येड्या होत्या?”

त्यांचा प्रश्न रास्त होता आणि त्याला एका वाक्यात उत्तर नव्हतं. मी त्यांना आधी त्वचेच्या डॉक्टरकडं पाठवलं. तिथं कड्याच्या काठाची साल खरवडून काचेवर घेतली, तपासली. घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी गोळ्या, त्याही आठवडेच्या आठवडे. टॉवेल वेगळे, कपडे गरम पाण्यात, वाळवायचे कडक उन्हात. पण बुढ्यांचा प्रश्न माझ्याकडं राहिला.

आधी ही बुरशी. भारतात गेल्या दशकात पसरलेल्या ह्या साथीमागं ट्रायकोफायटन कुळातला एक वेगळाच प्रकार आहे. जपानमध्ये एका नेपाळी आणि एका भारतीय रुग्णाच्या त्वचेवरून तो वेगळा काढला गेला आणि २०२० साली त्याला ट्रायकोफायटन इंडोटिनी असं नाव मिळालं. टर्बिनाफाइन हे गजकर्णावरचं वर्षानुवर्षं भरवशाचं औषध. बुरशीच्या पेशीचं आवरण बांधायला लागणारा एक स्निग्ध पदार्थ ज्या विकरामुळं तयार होतो, त्या विकरालाच ते जाऊन बसतं आणि बांधकाम थांबतं. ह्या नव्या प्रकारानं त्या विकराच्या साच्यात एखाद्याच ठिकाणी बदल करून घेतला आहे. औषधाला तिथं पकड मिळत नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दोन बायकांच्या अंगावर हीच बुरशी सापडल्याचं जाहीर झालं तेव्हा अमेरिकेत खळबळ उडाली. आपल्याकडं तोवर ती वस्त्यांमधून हिंडत होती.

आता तरोटा. १९७५ साली भारतीय संशोधकांनी तरोट्याच्या बियांतून बुरशी मारणारा मुख्य रेणू वेगळा करून दाखवला: क्रायसोफॅनिक ॲसिडचा अँथ्रोन. काचेच्या भांड्यात तो ट्रायकोफायटनची वाढ रोखत होता. मात्र हवा लागली की तो रेणू पालटतो, म्हणून प्रयोगात त्यांना सोबत क जीवनसत्त्व घालावं लागलं. हे वाचलं तेव्हा आजीचा लिंबाचा रस माझ्या डोळ्यांपुढं आला. पण लिंबामुळं तो रेणू टिकतो असं कुणी मोजून दाखवेपर्यंत हा माझा तर्क आहे, आणि तर्कावर कुणाच्या अंगाला काही लावायचं नसतं.

ह्याच रेणूची दुसरी वाट गोव्यातून जाते. एकोणिसाव्या शतकात मुंबईत आणि गोव्यात गजकर्णावर ‘गोवा पावडर’ नावाची पिवळट भुकटी मिळत असे. मुंबईतल्या केम्प नावाच्या औषधविक्रेत्यानं १८६४ च्या सुमारास तिच्याबद्दल लिहिलं आणि डॉक्टरांचं तिच्याकडं लक्ष गेलं. भुकटी मूळची गोव्याची नव्हतीच. ब्राझीलमधल्या अरारोबा नावाच्या झाडाच्या खोडात पोकळ्या असतात, त्यांत ती साठते. पोर्तुगीज गलबतांतून ती गोव्यात आली होती. तिच्यातला कामाचा भाग म्हणजे क्रायसारोबिन, आणि क्रायसारोबिन म्हणजे तरोट्याच्या बियांतला तोच अँथ्रोन. ब्राझीलचं जंगल आणि सिंदीचा धुरा, दोन वेगळी झाडं, दोन्हींत एकच रेणू आणि दोन्हीकडच्या माणसांनी तो एकाच दुखण्यावर लावलेला. बुढ्या वेड्या नव्हत्या, ह्याचा मला तरी ह्याहून चांगला पुरावा नको.

पण गोवा पावडरची पुढची गोष्टही सांगायलाच हवी. ती त्वचा भाजायची. डोळ्याला हात लागला तर डोळा सुजायचा, कपड्यांवर पडलेले डाग निघत नसत. तिच्यावर काम होत होत १९१६ मध्ये जर्मनीत डिथ्रॅनॉल हे तिचं सुधारलेलं भावंड तयार झालं. सोरायसिसवर ते आजही वापरतात, तेही किती टक्के आणि किती मिनिटं हे ठरवून. झाडातलं आहे म्हणून सौम्य आहे, असा समज ज्यानं करून घेतला त्यानं गोवा पावडरचा इतिहास वाचावा. किंवा आपल्या स्टेशनाजवळचाच पिवळा धोत्रा बघावा. काटेरी पानांचा, तोडला की पिवळा चीक गळणारा. खरजेवर हा चीक लावणारी माणसं मी पाहिली आहेत. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात ह्याच्या बियांच्या तेलाची भेसळ झाली आणि ६० च्या आसपास माणसं दगावली.

औषध हरतं म्हणजे काय, हे वर्धा जिल्ह्यानं गजकर्णाच्या फार आधी पाहिलं आहे. १९३६ साली मनोहरजी दिवाणांनी दत्तपूरला कुष्ठरोग्यांसाठी काम सुरू केलं. संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री ह्या रोगानं घेरलेले असताना सेवाग्रामला आले आणि गांधीजी रोज स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगाला मालीश करीत. आश्रमातली परचुरे कुटी अजून उभी आहे. शाळेच्या सहलीत मुलं तिथं भराभर फोटो काढून पुढं जातात. मला प्रत्येक वेळी तिथं थांबावंसं वाटतं. ज्या कातडीला घरचे लोक शिवत नव्हते, तिला इथं हात लागला.

त्या काळात कुष्ठरोगावर जगभर जे औषध होतं, ते एका झाडाचं तेल होतं: चौलमुग्रा. त्याचा आपल्याकडचा सोयरा म्हणजे सह्याद्रीतल्या ओढ्यांच्या काठानं वाढणारा कडूकवठ. सुश्रुतानं तुवरक म्हणून कुष्ठावर सांगितला तो हाच. लाकडी कवचाचं गोल फळ, आत तेलकट बिया. तेल पोटात घेतलं तर उलट्या होत. सुईनं दिलं तर कातडीखाली गाठ होऊन ठणकत राही. रुग्ण घ्यायला नाही म्हणत. हवाईमध्ये ॲलिस बॉल नावाच्या तरुण रसायनशास्त्रज्ञ मुलीनं १९१५-१६ मध्ये त्या तेलातली आम्लं वेगळी करून, त्यांचं रूप बदलून, सुईवाटे शरीरात मुरेल असं औषध तयार केलं. १९१६ संपता संपता ती वारली, वय २४. तिचं काम पुढं कितीतरी वर्षं दुसऱ्याच्या नावावर खपलं. आज तिचं नाव घेतात, हे बरं झालं. तेलानं काहींना उतार पडे, पुष्कळांना नाही. पण दुसरं काही हातात नव्हतं.

मग १९४० च्या दशकात सल्फोन आली, पाठोपाठ डॅप्सोनची स्वस्त गोळी. कडू तेल अडगळीत गेलं. १९५१ साली वर्ध्यात गांधी स्मारक कुष्ठ प्रतिष्ठान उभं राहिलं आणि डॉ. वारदेकरांनी घरोघर पाहणी, लोकशिक्षण आणि उपचार अशी पद्धत बसवली; पुढं देशानं ती उचलली. सगळं नीट चाललेलं असताना १९६४ मध्ये मलायातल्या रुग्णांवरून सिद्ध झालं की कुष्ठरोगाचा जिवाणू डॅप्सोनला दाद देत नाही. वर्षानुवर्षं एकच गोळी, कधी घेतलेली कधी सुटलेली, आणि जिवाणूनं वाट काढली होती. १९८२ च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेनं एकाच वेळी दोन-तीन औषधं द्यायची पद्धत आणली: रिफॅम्पिसिन, डॅप्सोन, क्लोफॅझिमिन. एकाला चुकवलं तर दुसरं गाठतं. ह्या औषधांनी लाखो माणसांची बोटं वाचवली.

त्यातल्या क्लोफॅझिमिनचा जन्म मला फार आवडतो. डब्लिनमध्ये व्हिन्सेंट बॅरी आणि त्यांचे सहकारी क्षयरोगावरचं औषध शोधत होते. सुरुवात झाली ती एका दगडफुलातल्या पदार्थापासून. आपण मसाल्यात घालतो ते नव्हे, त्याच गोतातलं दुसरं. त्या पदार्थाच्या मागावर रसायनं बनवत बनवत ते क्लोफॅझिमिनपाशी पोचले. क्षयासाठी शोधलेलं कुष्ठरोगाच्या कामी आलं. दगडावर उगवणाऱ्या त्या खडबडीत पापुद्र्याशिवाय ह्या कामाला सुरुवातच झाली नसती.

आणि अडगळीतलं ते कडू तेल? २००० साली अमेरिकेत फ्रँक स्टर्मिट्झ आणि किम लुईस ह्यांच्या गटानं दारुहळदीच्या कुळातल्या झुडपांवर काम केलं. दारुहळदीत बर्बेरीन नावाचं पिवळं अल्कलॉइड असतं. ते जिवाणूंना मारू शकतं, पण त्वचेवर गळवं करणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियसपुढं एकटं फिकं पडतं. कारण त्या जिवाणूच्या आवरणात नॉर-ए नावाचा पंप असतो. वावरात साचलेलं पाणी शेतकरी मोटर लावून उपसतो, तसा हा पंप आत शिरलेलं बर्बेरीन बाहेर फेकत राहतो. अनेक आधुनिक प्रतिजैविकंही तो असाच बाहेर टाकतो. ह्या गटाला दिसलं की त्या झुडपांत आणखी एक रेणू आहे. तो स्वतः जिवाणूला काहीच करत नाही, फक्त पंप बंद पाडतो. मग बर्बेरीन आत साठत जातं आणि जिवाणू मरतो. ह्या रेणूची आधीची नोंद होती. पाच-मेथॉक्सीहिड्नोकार्पिन: चौलमुग्राच्या तेलात अल्प प्रमाणात सापडणारा एक घटक.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून अंगणात जाऊन बसले. जे तेल आपण निरुपयोगी म्हणून टाकून दिलं होतं, त्यात असाही एक रेणू गुपचूप बसलेला होता, ज्याचं काम मारणं नव्हेच, मारणाऱ्याला आत टिकवून धरणं आहे. प्रयोगशाळेतली नेहमीची चाळणी अशा रेणूला कधीच पकडणार नाही. कारण ती विचारते एकच: तू जिवाणू मारतोस का? हा म्हणेल, नाही. आणि आपण त्याला फेकून देऊ.

म्हणून वनस्पतींच्या अर्कांवरचे बहुतेक निबंध वाचून माझं समाधान होत नाही. सगळीकडं एकच रीत. पानं सावलीत वाळवायची, कुटायची, अल्कोहोलमध्ये भिजत घालायची, गाळून आटवायची. काचेच्या थाळीत आगारवर जंतू पसरायचे, त्यात भोक पाडून अर्काचे थेंब सोडायचे. दुसऱ्या दिवशी भोवती स्वच्छ वर्तुळ दिसलं की मिलिमीटरमध्ये मोजायचं आणि निष्कर्ष लिहायचा की ही वनस्पती औषध म्हणून उपयुक्त ठरू शकते. थाळीतलं ते वर्तुळ खरंच देखणं दिसतं. प्रयोग करणाऱ्या मुलींच्या चेहऱ्यावरचा आनंद मी पाहिला आहे. पण अंगावरचं गजकर्ण थाळीत नसतं. वरची निबर कातडी ओलांडून अर्क आत शिरला पाहिजे, घामात टिकला पाहिजे, कातडीला न भाजता बुरशीला भिडला पाहिजे. यंदाच्या बियांत जेवढा अँथ्रोन आहे तेवढाच पुढच्या वर्षीच्या बियांत असेल ह्याचा भरवसा नाही. पाऊस बदलला, माती बदलली की प्रमाण बदलतं. तरोटा म्हणून गोळा केलेल्यांत त्याच्या जुळ्यासारख्या दुसऱ्या जातीची झाडं मिसळलेली असतात. पानांच्या बेचक्यातल्या त्या गाठी मोजल्याशिवाय फरक कळत नाही.

हळदीचं उदाहरण घ्या. आमच्याच जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात वायगाव आहे. तिथल्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिच्यात कुर्कुमिन भरपूर. हळदीनं जखम भरते ह्यावर अमेरिकेत १९९५ साली पेटंट दिलं गेलं तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरनं जुने ग्रंथ, जुने लेख पुढं ठेवून ते १९९७ मध्ये रद्द करवलं. त्या विजयाचा अभिमान मलाही आहे. पण त्या खटल्यानं एवढंच ठरवलं की हे ज्ञान आपल्याकडं आधीपासून होतं. औषधांना दाद न देणाऱ्या जंतूनं चिघळलेली जखम हळदीनं भरते की नाही, हा प्रश्न पेटंटच्या कचेरीत सुटणारा नाही. २०१७ मध्ये रसायनशास्त्रज्ञांनी कुर्कुमिनवरच्या कामाचा कठोर आढावा घेतला: रेणू अस्थिर, शरीरात नीट न शोषला जाणारा, आणि प्रयोगशाळेतल्या चाचण्यांना फसवणारा. आपल्या माणसांनी ह्यावर चिडू नये. ज्याच्यावर आपलं प्रेम आहे त्याची परीक्षा दुसऱ्यानं कडक घेतली तर आपण त्याहून कडक घ्यावी.

वहिनींचं अंग आता स्वच्छ आहे, काळे डाग तेवढे राहिले. परवा त्यांनी पुन्हा विचारलं, “मंग ह्या तरोट्याची दवाई कधी होईन?”

व्हायला काय लागतं ते सांगते, आणि सगळं नागपूरपासून वर्ध्यापर्यंतच्या पॅसेंजरच्या वाटेवर आहे. तरोटा इथं आहे. रुग्ण दुर्दैवानं घरोघर आहेत. सेवाग्रामला १९६९ पासूनचं वैद्यकीय महाविद्यालय आहे, वर्ध्याजवळ आयुर्वेदाचं महाविद्यालय आहे, रासायनिक तपासणी करू शकणारे विभाग नागपूरला आहेत. एका हंगामात, ओळख पटवून गोळा केलेलं बी. त्यातल्या अँथ्रोनचं मोजमाप. कातडीला सोसेल एवढ्या प्रमाणाचं मलम. टर्बिनाफाइनला न जुमानणारी बुरशी ज्यांच्या अंगावर सिद्ध झाली आहे असे रुग्ण, त्यांची समजून दिलेली संमती. निम्म्यांना नेहमीच्या गोळ्या, निम्म्यांना त्याच गोळ्या आणि वर हे मलम. म्हणजे कुणीही उपचाराविना राहणार नाही आणि तरोटा सोबतीला उभा राहून काही करतो का, ते कळेल. सहा महिन्यांनी कुणाचं परत आलं ते बघायला घरी जाणारी माणसं, वारदेकरांच्या वेळी जशी जात तशी. आणि शेवटी जे हाती येईल ते मराठीत छापलेलं: कुणाला गुण आला, कुणाला आला नाही, कुणाची कातडी भाजली, कुणी मलम मधेच का सोडलं, सगळं.